शहाणी

वेडाच्या उलट शहाणपण, असे आपण मानतो. पण शहाणा आणि शहाणी हे दोन शब्द सारख्या वजनाचे नाहीत. मुलगा शहाणा म्हणजे त्याला चार गोष्टी कळतात; मुलगी शहाणी म्हणजे ती चार गोष्टी बोलत नाही. उलट उत्तर न देणारी, कोपऱ्यात बसून आपले काम उरकणारी, ती शहाणी. शाळेत शिकवताना पालकांच्या तोंडून ही शाबासकी मी शेकडो वेळा ऐकली आहे. आज तिच्याविषयी लिहावेसे वाटते ते एका आजारामुळे.

स्किझोफ्रेनिया हे त्या आजाराचे नाव. मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. 1908 साली ब्लॉयलर नावाच्या स्विस डॉक्टरांनी हे नाव रूढ केले. एका माणसात दोन माणसे राहतात, असा त्याचा अर्थ पुष्कळजण करतात. तो चुकीचा आहे. विचार, भावना आणि वागणे यांची एकमेकांशी असलेली गाठ सुटते, एवढाच तो अर्थ. पुढे आवाज ऐकू येतात, संशयाला खात्रीचे रूप येते. पण त्याआधी कित्येक महिने, कधी कधी वर्षे, नुसती चाहूल असते. आणि ही चाहूल पुरुषात आणि बाईत सारखी लागत नाही.

मुलुंड हे मध्य रेल्वेवरचे मुंबईचे शेवटचे उपनगर. चेकनाका ओलांडला की ठाणे, आणि ठाण्यात 1901 पासूनचे मनोरुग्णालय. त्यामुळे आमच्याकडे कुणी जरा वेगळे बोलला की 'याला ठाण्याला पाठवा' अशी थट्टा होते. थट्टा इतकी जवळची, पण आजार मात्र कुणालाच जवळचा वाटत नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या दोन मुलांच्या घरीही तो तसाच, अनोळखी पाहुण्यासारखा आला.

दोघे एकाच वर्गातले. मुलगा एकोणिसाव्या वर्षी कॉलेजात जाईनासा झाला. आंघोळ टाळू लागला, मित्रांना दारातून परत पाठवू लागला. कुणी काही विचारले तर एका शब्दात उत्तर. चेहऱ्यावर ना राग ना हसू. वडिलांना आधी वाटले, संगत वाईट लागली. मग एक अंगारा झाला, एक गंडा झाला. पण परीक्षा बुडाली, नोकरीची आशा मावळू लागली, तेव्हा घर हादरले आणि वर्षाच्या आत तो डॉक्टरांपुढे बसला.

मुलगी लग्न होऊन बोरिवलीला गेली. सत्ताविसाव्या वर्षी, पहिल्या बाळंतपणानंतर, तिला वाटू लागले की नळावरच्या बायका आपल्याविषयीच कुजबुजतात. मग सासू जेवणात काहीतरी घालते, असे वाटू लागले. ती रडे, रात्र रात्र जागे. पण सकाळी डबा वेळेवर होई, केसांत गजरा असे, आल्यागेल्याशी ती गोड बोले. सासरी म्हणाले, हळवी आहे. माहेरी म्हणाले, सासुरवास असेल, सोसायला शीक. एका डॉक्टरांनी नुसत्या खिन्नतेची औषधे दिली. खरा आजार ओळखला जाईपर्यंत सहा वर्षे गेली.

शास्त्राने जे टिपून ठेवले आहे, त्याच्याशी ही दोन घरे पुष्कळशी जुळतात. पुरुषात हा आजार बहुधा विशीच्या आसपास डोके वर काढतो. स्त्रियांत सरासरीने तीन-चार वर्षे उशिरा, आणि काहीजणींत पंचेचाळिशीनंतर. जर्मनीतील मानहाइमचे संशोधक हाफ्नर यांनी असे अनुमान मांडले की इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक मेंदूला काही काळ आडोसा देते. पाळी जाताना तो आडोसा ओसरतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील एका अभ्यासात मात्र वयाचे हे अंतर आढळले नाही, तेव्हा हा काही दगडावरचा नियम नव्हे. लक्षणांचा कलही असाच सर्वसाधारण. पुरुषात अलिप्तपणा, निरिच्छता, बोलणे आटणे अधिक. स्त्रियांत खिन्नता, धास्ती, संशय अधिक, आणि माणसांची ओढ बराच काळ शाबूत. म्हणूनच ती आजारी वाटत नाही.

पण सहा वर्षांचा हिशेब एकट्या संप्रेरकाने लागत नाही. मुलाकडून घराला परीक्षेचा निकाल हवा असतो, पगार हवा असतो. तो थांबला की घराला ताबडतोब कळते. मुलीकडून घराला हवी असते ती मुकाट्याने केलेली कामे, आणि ती कामे आजारातही बराच काळ चालू राहतात. तिचे गप्प होणे शहाणपणात जमा होते, रडणे बाईपणात, संशय सासुरवासात. शिवाय आजाराचे वय आणि लग्न-बाळंतपणाचे वय एकच, तेव्हा निमित्ताला तोटा नसतो.

भीतीचेही एक कारण आहे. 1976 च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातील घटस्फोटाच्या कारणांत स्किझोफ्रेनिया हा शब्द नावानिशी आला. 1988 साली सर्वोच्च न्यायालयाने एका पतीच्या अर्जावर निकाल देताना बजावले की रोगाचे नुसते नाव चिकटवून भागत नाही. तो इतका तीव्र हवा की एकत्र राहण्याची अपेक्षाच करता येऊ नये. पण चाळीतल्या माहेराला निकाल ठाऊक नसतो, बदनामी ठाऊक असते. मग कागदावर रोगाचे नाव येऊ नये म्हणून डॉक्टरच टाळले जातात.

आपल्या डोळ्यांपुढे या आजाराचे जे चित्र आहे, तेही पुरुषाचे. 2004 च्या 'देवराई' चित्रपटात अतुल कुलकर्णींनी उभा केलेला शेष अनेकांच्या मनात घर करून आहे. त्या चित्रपटामागे उभे राहिलेले कॅलगरीचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या घरी मात्र आजार पत्नीला होता. पडद्यावरच्या शेषने किती घरांचे डोळे उघडले असतील! तशीच एखादी सून, डबा भरता भरता कुजबुज ऐकणारी, पडद्यावर यायला हवी.

एकटी खिन्नता म्हणजे हा आजार नव्हे, आणि अबोल मुलगी आजारी असतेच असे नाही. पाहायचे ते एवढेच, की ती पूर्वी होती तशी आहे का. पूर्वीची ती जर महिनोन्‌महिने सापडत नसेल, तर डॉक्टरांकडे जावे. लवकर सुरू केलेल्या उपचारांना गुण येतो, आणि स्त्रियांत सुरुवातीच्या वर्षांत तो बहुधा अधिक येतो. उशिराने जाते ते नेमके हेच.

दिवाळीला लेकी चार दिवस माहेरी येतात. आई करंज्या करायला हाताखाली घेते, भाऊ ओवाळणी घालतो, आणि 'सगळे ठीक ना?' या प्रश्नाला 'हो' म्हणून मुली परत जातात. यंदा आईने तो प्रश्न जरा निराळा विचारावा: झोप लागते का, कुणाची भीती वाटते का, कुणी काही बोलल्यासारखे ऐकू येते का. आणि लेक उत्तर देऊ लागली, तर 'असे काही मनात आणू नये, तू शहाणी ना' असे म्हणून तिला थांबवू नये.