कोंकणांतील स्वयंपाकघर आणि पावसाळ्यांचा हिशेब

चिपळूण सोडून गुहागरची वाट धरावी, तर भर श्रावणांत हवा कोणती व पाणी कोणतें हा भेद फारसा उरत नाहीं. रत्नागिरी जिल्ह्यांत वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो, आणि त्यांतला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. गेल्या पावसाळ्यांत या वाटेवरील चारपांच घरीं उतरण्याचा योग आम्हांस आला; तेव्हां देवळें व समुद्र यांइतकींच तेथील स्वयंपाकघरेंही आम्हीं न्याहाळून पाहिलीं.

जुन्या घरांत जांभ्याच्या भिंती, भिंतींत कोनाडे आणि एका अंगास सागवानी मांडणी. मांडणीला दारें नाहींत, म्हणून वारा खेळतो. शिवाय चुलीची ऊब लांकडास कोरडें ठेवी. सागाच्या अंगच्या तेलामुळें वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाहीं. आजेसासूची मांडणी नातसून वापरीत होती.

शेजारच्या नव्या घरीं देखावा निराळा. मुंबईस असलेल्या मुलानें आईकरितां हौसेनें ओट्याखालीं रंगीत, बंद कपाटें करविलेलीं. जेमतेम पांच पावसाळे लोटले होते. पण मोरीजवळचें दार तळाशीं फुगलेलें, बिजागऱ्या गंजलेल्या, आंत बुरशीचा वास. आई पावसाळाभर दारें उघडीं टाकून ठेवी, आणि मुलगा येणार असें कळलें कीं तीं लावून घेई!

याचें कारण उघड आहे. पार्टिकल बोर्ड म्हणजे गोंदासारख्या द्रव्यांत दाबलेला लांकडाचा चुरा, आणि एम. डी. एफ. म्हणजे तसेच दाबलेले तंतू. वरचा गुळगुळीत पापुद्रा पाणी अडवितो. परंतु कापलेल्या कडांतून व स्क्रूच्या छिद्रांतून ओल आंत शिरते. एकदां फुगलेली फळी वाळली तरी पूर्ववत् होत नाहीं, व स्क्रूही धरीत नाहीं. मग जुलै २०२१ मध्यें चिपळुणास आला तसा पूर घरांत शिरल्यास अशा फळ्यांची गत काय होईल, हें सांगावयास नको.

मरीन प्लायवुडाची गोष्ट वेगळी. आय. एस. ७१० या भारतीय मानकाप्रमाणें तें ७२ तास उकळत्या पाण्यांत टिकावें लागतें. तरी त्याच्याही कडा नीट बंद करावयास हव्यात. स्टेनलेस स्टील फुगत नाहीं, पण समुद्रकांठच्या खाऱ्या वाऱ्यानें त्यावर तांबूस ठिपके पडतात. तें गोड्या पाण्यानें वरचेवर पुसावें. कडप्प्याच्या फरशांना तर वाळवीचें भय नाहीं व ओलीचेंही नाहीं.

आतां हिशेब पाहूं. समजा, टिकाऊ कपाटास १०० रुपये लागतात व चुऱ्याच्या कपाटास ४०. दुसरें दर ८ पावसाळ्यांनीं बदलावें लागलें, तर ३२ वर्षांत चार वेळां मिळून १६० रुपये होतात. भाववाढ, सुताराची मजुरी आणि दरवेळीं आठवडाभर विसकटलेला संसार, हीं यांत धरलेलींच नाहींत.

यास्तव कोंकणांत घर करणाऱ्यांस आमची विनंती अशी कीं, किंमत विचारतांना 'किती पावसाळे?' असेंही विचारावें. निदान मोरीखालचा भाग दगडाचा व उघडा ठेवावा. आणि सुतारास बोलाविण्यापूर्वीं, त्या घरांत जिला रांधावयाचें आहे तिला आधीं विचारावें.