एकवीस दिवस

गेल्या डिसेंबरात माझी धाकटी शाळेतून येताना दोन गुलाबी पिल्लं घेऊन आली. सायकलवर टोपली बांधून फिरणाऱ्याकडून, वीस रुपयांना. थंडी नाशिकची, आणि पिल्लं रंगवताना ओली केलेली. तिसऱ्या दिवशी दोन्ही गेली.

"अम्मी, गुलाबी कोंबडी कुठे असते?" तिनं विचारलं. मी शिक्षिका, त्यामुळे उत्तर टाळता येईना. अंड्यांसाठी पाळतात त्या जातीचे नर अंडी देत नाहीत आणि मांसासाठी लवकर वाढतही नाहीत. म्हणून बहुतेक ठिकाणी त्यांना पहिल्याच दिवशी मारतात. त्यातले काही रंगवून रस्त्यावर येतात. जर्मनीनं 2022 पासून ही कत्तल कायद्यानं बंद केली. आपल्याकडे आपण वीस रुपयांत दया विकत घेतो आणि तोच धंदा चालू ठेवतो.

मग ठरलं, पिल्लं हवीत तर घरीच काढू. सिन्नर तालुक्यात माझी खाला राहते. तिच्याकडची एक कोंबडी खुडूक झाली होती. ती आणि गावठी अकरा अंडी आम्ही एका संध्याकाळी आणली. दुकानातली पांढरी अंडी चालत नाहीत, कारण तिथल्या कोंबड्यांना कोंबडा भेटलेलाच नसतो. मशीनमध्ये उबवायची तर साडेसदतीस अंशांच्या आसपास तापमान लागतं, अंडी दिवसातून अनेकदा फिरवावी लागतात आणि अठराव्या दिवसानंतर फिरवणं थांबवावं लागतं. वीज गेली की सगळं मुसळ केरात. कोंबडीला हे कुणी शिकवलेलं नसतं. ती दिवसातून एकदा उठायची, दाणे टिपायची, परत बसायची.

सातव्या रात्री अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंडी धरून पाहिली. नऊ अंड्यांत लाल शिरांचं जाळं दिसलं. दोन कोरी निघाली, ती बाजूला काढली.

एकविसाव्या दिवशी एका कवचाला भोक पडलं आणि काम तासन् तास तिथंच अडलं. धाकटी कवच सोलायला धावली. मी हात धरला. आतल्या पापुद्र्यातलं रक्त अजून आटलेलं नसतं, उरलेला बलकही पोटात जायचा असतो. घाईनं सोललं तर पिल्लू रक्तस्रावानं मरतं. आठ पिल्लं निघाली. एक आतच मेलं.

पोटात बलक असल्यानं पहिला एक-दीड दिवस दाण्याची घाई नव्हती. पाणी मात्र उथळ बशीत, खडे टाकून ठेवलं, नाहीतर पिल्लं बुडतात. पहिल्या आठवड्यात राणीखेतची लस डोळ्यात एक थेंब. बाटलीत शंभरेक डोस असतात आणि ती उघडली की टिकत नाही, म्हणून मोहल्ल्यातल्या सगळ्या कोंबड्यांना त्याच दिवशी बोलावलं. खुराडं साफ करताना तोंडावर कापड, नंतर साबणानं हात. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, ते आमच्या पिढीला आठवतं.

इथवर सगळं गोड होतं. चार महिन्यांत कळलं, आठात पाच कोंबडे. ते पहाटे फजरच्याही आधी आरवू लागले. शेजारचे भाऊ सातपूरला रात्रपाळी करतात. ते नम्रपणे म्हणाले, "मॅडम, काहीतरी करा."

धाकटीनं मान खाली घालून विचारलं, "अम्मी, काटेंगे क्या?"

तिला मीच अबू दाऊदमधली हदीस सांगितली होती. प्रवासात कुणीतरी एका पाखराची दोन पिल्लं उचलली, आई वर फडफडू लागली. पैगंबरांनी (स.) विचारलं, हिला पिल्लांवरून कुणी दुखावलं? परत द्या. आणि आमच्या घरी तर दर जुम्म्याला चिकन शिजतं. त्या चिकनला नाव नसतं, एवढाच फरक.

मी खोटं बोलले नाही. दोन कोंबडे खालानं नेले, तिला हवे होते. तिघांना जबह केलं. सुरी आधी धार लावून लपवून ठेवलेली, पाणी पाजलेलं, एकासमोर दुसरा नाही. या अटी मी पुस्तकात वाचल्या होत्या. त्या पाळताना हात थरथरतो, हे पुस्तकात नव्हतं. धाकटी जेवली नाही. मी जबरदस्ती केली नाही. मी जेवले. घास जड गेला, पण बाजारचं चिकन खाताना तो का जात नाही, हा प्रश्न मी अजून स्वतःला विचारते आहे.

आता पावसाळ्यात तीच कोंबडी पुन्हा खुडूक झाली आहे. धाकटी रोज म्हणते, अंडी आणूया. मी म्हणते, आधी खालाला विचार, कोंबडे किती घेशील? निम्मे नर निघणार, तो हिशोब एकविसाव्या दिवशी नाही, पहिल्या दिवशी करायचा. तिनं अजून फोन केलेला नाही. कोंबडी रिकाम्या टोपलीत बसून आहे.