दोन हातांचे पेंटियमराव

या, यांची ओळख करून देतो. हे पेंटियम जी ३२५८. पूर्ण नाव घेतलं की गाडीची नंबरप्लेट वाचल्यासारखं वाटतं, म्हणून आपण यांना पेंटियमराव म्हणू. अंगाने बेताचे: पावणेचार सेंटीमीटरचा हिरवा चौकोन, वर चकचकीत धातूचं झाकण आणि झाकणावर कोरलेलं स्वतःचं नाव. घराणं इंटेलचं, म्हणजे मोठं. पण यांची शाखा गरिबांची. २०१४ साली बाजारात आले तेव्हा किंमत ७२ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण सव्वाचार हजार रुपये. त्याच सुमाराला आलेले यांचे थोरले चुलतभाऊ आय-७ ४७९०के हे ३३९ डॉलरच्या खाली बोलायला तयार नसत.

खोक्यावर 'अॅनिव्हर्सरी एडिशन' असं छापलेलं असे आणि रावांना त्याचा फार अभिमान. पेंटियम नावाला वीस वर्षं झाली म्हणून हा खास अवतार. आता पहिला पेंटियम आला १९९३ मध्ये. वीस वर्षं भरली २०१३ मध्ये. म्हणजे वाढदिवस साजरा झाला तो वर्ष उलटून गेल्यावर. पण हे त्यांच्यासमोर बोलायचं नाही. मोठ्या घरात मुहूर्त घरच्यांच्या सोयीने निघतात.

या वाढदिवसाची भेट मात्र अस्सल होती. प्रोसेसरचा वेग म्हणजे १०० मेगाहर्ट्झचा ठोका गुणिले एक आकडा. रावांचा आकडा ३२, म्हणून ३.२ गिगाहर्ट्झ. बाकीच्या पेंटियम भावंडांच्या या आकड्याला कंपनी कुलूप लावून पाठवायची. कुलूप नसायचं ते नावापुढे 'के' मिरवणाऱ्या श्रीमंत नातलगांना. रावांना तेवढी एक किल्ली मिळाली. ३२ चे ४२ करा, ४४ करा, ४५ करा. राव कुरकुरत का होईना, धावायला लागत. बायोसमध्ये दोन आकडे बदलायचे, व्होल्टेज किंचित चढवायचं आणि सव्वाचार हजारांचा गडी चौपट किमतीच्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहायचा. निदान जिथे एकट्याच्या वेगाचा प्रश्न असेल तिथे.

स्वभाव मात्र नगागणिक वेगळा. एक राव ४.७ वर हसतमुख, तर त्याच कारखान्यातून आलेले दुसरे ४.३ लाच निळा पडदा दाखवून आडवे. तक्रार कुठे करणार? खोक्यावर लिहिलेले ३.२ तर ते इमानेइतबारे देतच होते.

आता यांचं वैगुण्य. रावांना हात दोनच. दोन कोअर, दोन थ्रेड. एका हाताने दोन कामं उरकण्याची हायपरथ्रेडिंगची युक्तीही यांना शिकवलेली नाही. आणि आले ते अशा काळात, की बाजारात जो तो हात मोजत होता. चार कोअर, सहा कोअर, आठ कोअर. त्या गर्दीत हे दोन हातांचे गृहस्थ उभे राहिले की लोक सहानुभूतीने बघायचे. रावांना ती सहानुभूती अजिबात आवडत नसे.

त्यांची कदर झाली ती एका वेगळ्याच दरबारात: इम्युलेटरवाल्यांच्या. ही मंडळी म्हणजे जुन्या कन्सोलचे खेळ कॉम्प्युटरवर खेळणारी. घरातला गेमक्यूब किंवा प्लेस्टेशन २ धूळ खात पडलेला असतो, लेन्स गेलेली असते, डिस्क मात्र शाबूत असतात. मग त्या डिस्कमधला खेळ कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा आणि कॉम्प्युटरलाच कन्सोलचं सोंग आणायला लावायचं.

इथे नवखा माणूस हमखास चकतो. गेमक्यूब २००१ चा. त्याच्या पोटात आयबीएमचा पॉवरपीसी घराण्यातला प्रोसेसर, वेग ४८५ मेगाहर्ट्झ. मग त्याची नक्कल करायला साधा हजार मेगाहर्ट्झवाला का पुरत नाही? कारण पॉवरपीसीची बोली वेगळी आणि रावांची वेगळी. डॉल्फिन हा इम्युलेटर खेळातली प्रत्येक आज्ञा जागच्या जागी रावांच्या बोलीत उतरवतो आणि मग ती पाळायला लावतो. शिवाय मूळ यंत्रात प्रोसेसर, ग्राफिक्स चिप आणि आवाजाची चिप एकमेकांकडे बघत पावलं टाकत असत. तो ताल इथेही सांभाळावा लागतो. मागची आज्ञा पुरी झाल्याशिवाय पुढचीचं काय करायचं ते कळत नाही. असं काम आठ जणांत वाटता येत नाही. एकानेच करायचं आणि भराभर करायचं.

नक्कल जितकी काटेकोर तितकं हे ओझं वाढतं. सुपर निन्टेन्डोचा प्रोसेसर फार तर ३.५८ मेगाहर्ट्झचा, पण त्याची बारीकसारीक खोडसुद्धा चुकू न देणाऱ्या बीएसएनईएस या इम्युलेटरला २०११ च्या सुमारास ३ गिगाहर्ट्झच्या आसपासचा प्रोसेसर लागत असे. हजार-आठशे पटींचा हिशेब ऐकून लोक चक्रावतात. राव चक्रावत नाहीत. त्यांच्या मते काम असंच असायला हवं, एका माणसाच्या बळावर तोललेलं.

डॉल्फिनची रचना तर जणू यांच्याच मापाने बेतलेली. त्याचं मुख्य काम दोन थ्रेडमध्ये चालतं: एक गेमक्यूबच्या प्रोसेसरचं सोंग घेणारा, दुसरा ग्राफिक्स चिपचं. दोन कामं, दोन हात. तिसऱ्याला बोलावलं तरी तो दारात उभा राहून जांभया देणार.

पुण्याच्या तपकीर गल्लीत तेव्हा असा संवाद कुठल्या तरी काउंटरवर रंगलेला असायचा:

"काका, सहा कोअरवाला एफएक्स दाखवा ना."

"सहा कशाला पाहिजेत?"

"डॉल्फिन चालवायचंय."

"मग दोनच घे आणि उरलेल्या पैशांत चांगला कूलर घे."

"काका, दोन म्हणजे कमी नाही होणार?"

"तू वापरणार किती ते सांग. बाकीचे काय गॅलरीत सुकत घालणार?"

पोरगं पटलेलं नसायचं. एएमडीच्या एफएक्स-६३०० ला सहा कोअर होते हे खरं, आणि व्हिडिओ बांधायला, फायली दाबायला ते कामाचेही होते. पण त्या घराण्यातल्या एकेकट्याच्या हातात तेवढं बळ नव्हतं. डॉल्फिन सुरू झालं की दोघांना घाम आणि चौघांना सुट्टी. रावांची पिढी, म्हणजे हॅसवेल, याच कामात आधीच्यांपेक्षा चलाख निघाली होती; वर ४.५ ची धाव. मारिओ असो की झेल्डा, खेळ तालात. इम्युलेटर मागे पडला की चित्र मंदावतं आणि आवाज फाटक्या स्पीकरसारखा तडतडायला लागतो. रावांच्या घरी तो तडतडाट क्वचितच ऐकू यायचा. 'रोग लीडर'सारखा हट्टी खेळ आला तर मात्र तेही गप्प बसत. त्या खेळाने भल्याभल्यांना गप्प बसवलं आहे.

एका आरोपातून मात्र त्यांना निर्दोष सोडायला हवं. डॉल्फिनमध्ये नव्या खोलीत शिरलं, नवा स्फोट झाला की खेळ क्षणभर थबकायचा आणि लोक रावांवर डोळे वटारायचे. दोष त्यांचा एकट्याचा नव्हता. दर नव्या दृश्यासाठी ग्राफिक्सचा शेडर ऐनवेळी तयार करावा लागायचा आणि तोवर खेळ अडायचा. महागड्या आय-७ वाल्यांकडेही अडायचाच. २०१७ मध्ये डॉल्फिनकर्त्यांनी 'उबरशेडर' आणले आणि तो बराचसा भार ग्राफिक्स कार्डाच्या गळ्यात घातला, तेव्हा कुठे रावांवरचा ठपका पुसला गेला.

राव तापट आहेत. अगदी शब्दशः. त्यांच्या पिढीत झाकण आणि आतली सिलिकॉनची चकती यांच्यामध्ये डाख न देता पेस्ट भरलेली असे, त्यामुळे आतली धग लवकर बाहेर पडत नाही. सोबत मिळणारा अॅल्युमिनियमचा बुटका पंखा ३.२ पुरता ठीक. ४.५ ला नेऊन त्याच पंख्यावर ठेवलं तर तो असा काही घोंघावतो की खेळातलं संगीत बंद केलं तरी चालेल. अकोल्या-नागपूरकडे मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकलेली असते. तिथल्या जाणत्यांनी रावांना हिवाळ्यात ४.५ आणि उन्हाळ्यात ४.२ असा ऋतुमानाप्रमाणे आहार ठेवावा.

यांचा एक जुना डूख आहे. कुलूप नसलं तरी वेग वाढवायचा तो महागड्या झेड मालिकेच्या मदरबोर्डवर, असा घराण्याचा दंडक. आता सव्वाचार हजारांच्या माणसाला दहा-बारा हजारांचं आसन कोण देणार? मदरबोर्ड बनवणाऱ्यांनी हे ओळखलं आणि एच८१, बी८५ सारख्या स्वस्त बोर्डांच्या बायोसमध्ये हळूच वाट करून दिली. गरिबाघरी दिवाळी झाली. मग विंडोजच्या एका अपडेटमधून प्रोसेसरचा नवा मायक्रोकोड आला आणि असल्या बोर्डांवर वेग वाढवलेले राव सुरू होतानाच गोठू लागले. लोकांनी उपाय काढले. कुणी एक कोअर बंद करून विंडोज १० चढवलं, कुणी ती मायक्रोकोडची फाइलच उडवून लावली. तेव्हापासून 'अपडेट उपलब्ध आहे' ही सूचना दिसली की रावांच्या मालकाच्या कपाळाला आठी पडते.

खरा अपमान झाला तो इम्युलेटरवाल्यांच्या दरबाराबाहेर, आणि तोही जन्माच्या वर्षीच. नोव्हेंबर २०१४ मध्ये 'फार क्राय ४' आला. चार थ्रेड नसतील तर तो सुरूच होईना; नुसता काळा पडदा. 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन'नेही दारातच हात मोजले. वेग कोणी विचारलाच नाही. जुन्या कन्सोलच्या महालात मानाचा फेटा बांधणाऱ्याला नव्या खेळांनी पायरीही चढू दिली नाही.

प्लेस्टेशन २ शी त्यांचे संबंध सलोख्याचे, पण जपून. आपल्याकडे गल्लीबोळातल्या गेम पार्लरमध्ये ज्याने मुलांचे खाऊचे पैसे गोळा केले तो हाच कन्सोल. जगभरात १५ कोटींहून अधिक विकला गेला. त्याच्या पोटात एक मुख्य प्रोसेसर, दोन वेक्टर युनिट, ग्राफिक्सची वेगळी चिप आणि शिवाय पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर इकडचं तिकडे नेण्याच्या कामाला ठेवलेला. एवढं मोठं एकत्र कुटुंब पीसीएसएक्स२ या इम्युलेटरला सांभाळायचं. त्यातलं एक वेक्टर युनिट वेगळ्या थ्रेडवर काढण्याची सोय त्यात आहे, आणि तिथे रावांचा तिसरा हात नसल्याचं उघडं पडतं. बरेचसे खेळ ते नीट चालवतात. 'शॅडो ऑफ द कोलोसस' लावला की दमतात. अर्थात तो खेळ मूळ कन्सोललाही दमवत होता.

प्लेस्टेशन ३ चं नाव मात्र त्यांच्यासमोर काढू नका. त्यातल्या सेल प्रोसेसरचा एक मुख्य गाभा आणि खेळांना मिळणारे सहा छोटे मदतनीस, सगळे एकदम कामाला. आरपीसीएस३ या इम्युलेटरला त्यांची नक्कल करायला भरपूर थ्रेड हवेत, जोडीला एव्हीएक्स२ सारख्या आज्ञा असल्या तर उत्तम. रावांना एव्हीएक्स२ तर नाहीच, साधं एव्हीएक्ससुद्धा दिलेलं नाही. कंपनीने वेगाचं कुलूप काढताना हा दुसरा कप्पा बंदच ठेवला होता. किल्ली देणाऱ्याने तिजोरी दिली नाही, एवढं राव कधीतरी बोलून दाखवतात.

२०१७ मध्ये जी ४५६० हा धाकटा भाऊ आला. त्याला चार थ्रेड मिळाले, पण वेगाला पुन्हा कुलूप. २०२३ मध्ये तर लॅपटॉपच्या नव्या चिपांवरून पेंटियम हे नावच उतरवलं गेलं. वाढदिवस उशिरा साजरा झाला, निवृत्ती मात्र वेळेवर.

तेव्हा आज नवा कॉम्प्युटर जुळवत असाल तर रावांना नमस्कार करा आणि पुढे चला. आय-३ १२१००एफ बघा: चार कोअर, आठ थ्रेड, ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत आपला आपण चढणारा, एव्हीएक्स२ सकट. ग्राफिक्स कार्ड मात्र वेगळं घ्यावं लागेल, नावातल्या 'एफ'चा अर्थच तो. कुठलीही चिप निवडताना आधी एका कोअरचा वेग बघायचा आणि मग कोअर मोजायचे, हा रावांचा क्रम अजून बदललेला नाही; फक्त चारच्या खाली आता उतरू नका.

आणि गेमक्यूब, वी अशा जुन्या कन्सोलपुरतंच भागवायचं असेल, जुन्या बाजारात राव बोर्डासकट हजार-दीड हजाराला मिळत असतील, तर जरूर आणा. पैसे देण्याआधी चिप उचलून बाजूला ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून सॉकेट नीट बघा. यांच्या पोटाला नुसते सपाट ठिपके असतात. पिना असतात त्या बोर्डावर, केसासारख्या बारीक. ११५० आहेत. एक जरी वाकलेली दिसली तरी सौदा मोडून पुढच्या दुकानात जा.