सुट्याचा हिशेब

दसऱ्याचं सोनं लुटून झालं की बेळगावच्या गणपत गल्लीत अंग चोरूनच चालावं लागतं. खानापूरकडची, उचगावकडची, पलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगडाकडची माणसं दिवाळीच्या खरेदीला उतरलेली असतात. आकाशकंदील, रांगोळीचे ढीग, उटणं, नव्या कापडाचा खळीचा वास. मध्येच कुठून तरी आटत्या दुधाचा, करपायच्या बेतात आलेला गोड दरवळ येतो आणि इथं वाढलेल्या माणसाला न विचारता कळतं की जवळपास कुंदा घोटला जातोय. या गर्दीत मी पाट्या वाचत चालतो. सीमाभागात पाटी वाचणं हा नुसता विरंगुळा नसतो. कुठली लिपी वर, कुठली खाली, कुठली कोपऱ्यात दाटीवाटीनं बसवलेली, हे डोळे आपोआप टिपतात. फलकावर साठ टक्के कन्नड हवं, हा कर्नाटकाचा २०२४ चा कायदा आल्यापासून तर जास्तच. पण मोबाईलच्या, फ्रीजच्या, दुचाकीच्या दुकानांवर एक खूण असते, तिच्यासाठी किंवा तिच्याविरुद्ध अजून कुणी मोर्चा काढलेला नाही. ०%. ती कानडी माणसाला वाचता येते, मराठी माणसाला येते, अक्षरओळख नसलेल्यालाही येते.

या शून्याबद्दल रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. व्याज कुणीतरी भरतच असतं. रोखीनं घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती आपल्याला मिळत नाही, किंवा ‘प्रोसेसिंग फी’ नावाची चिठ्ठी मागाहून येते, किंवा कंपनीच ते व्याज सोसते, कारण रोखीवर जो माणूस पायरी चढला नसता तो हप्त्यावर चढतो. चोवीस हजारांचा मोबाईल म्हटलं की माणूस जरा थबकतो. महिन्याला दोन हजार म्हटलं की काउंटरला टेकतो. दिवसाला सहासष्ट रुपये पडतात असं काउंटरवरच्या पोरानं हसत सांगितलं की खिशातून आधार कार्ड निघतं. वस्तू तीच, रक्कम तीच. फक्त ती इतकी बारीक चिरली जाते की तिचं ओझं हाताला लागत नाही.

ही चिरण्याची कला आमच्या मुलखाला नवी नाही. बेळगावातून हायवेनं कोल्हापूरच्या दिशेनं निघालं, संकेश्वर मागं पडलं, तवंदीचा घाट उतरला की निपाणी येते. तंबाखूच्या वखारींवर हे गाव उभं राहिलं. तिथली धूळ घशात खवखवते आणि पाहुण्याला ओळीनं शिंका येतात. गावच्या माणसाला काहीच होत नाही. माझी एक आत्या या गावात बिड्या वळत म्हातारी झाली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. बोलता बोलता बोटं चालायची, नजर दुसरीकडंच. मजुरी हजारावर मिळायची. हजार बिड्या झाल्या तर पैसे, त्यातल्या खराब म्हणून काढून टाकल्या त्या गेल्या. ओढणारा मात्र पानपट्टीवर उभा राहून एक मागायचा, फार तर कट्टा. ती एकदा म्हणाली होती, “ओढणाऱ्याला एकच दिसती, बाळ. वळणाऱ्याच्या बोटांस्नी हजार दिसत्यात.”

निपाणीचा सगळा व्यवहार या वाक्यात बसतो. शेतकऱ्याकडून तंबाखू घाऊक घ्यायचा, भाव व्यापाऱ्यानं ठरवायचा, हंगामाआधी उचल दिलेली असली तर शेतकऱ्याचं तोंड आधीच बंद. गिऱ्हाईकाला मात्र तलफ सुटी विकायची. या घाऊक बाजूचा संताप १९८१ मध्ये रस्त्यावर आला. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी मार्च-एप्रिलच्या उन्हात पुणे-बंगळूर हमरस्त्यावर ठाण मांडून बसले आणि ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात त्यांच्यातले काहीजण मारले गेले. पिकवणाऱ्यानं, वळणाऱ्यानं निदान आवाज तरी केला. सुटी विकत घेणारा कधीच कुठं बसला नाही, कारण त्याचं नुकसान एका वेळी एका बिडीइतकंच होत होतं. तेवढ्यासाठी कोण रस्ता अडवणार?

पुढं हीच रीत सगळ्या दुकानांनी उचलली. १९८० च्या दशकात तमिळनाडूतल्या कडलूरकडून शाम्पू पुडीत आला. मग तेल, लोणचं, कॉफी, गुटखा. गुटख्यावर महाराष्ट्रानं २०१२ मध्ये आणि कर्नाटकानं २०१३ मध्ये बंदी आणली. पण टपरीच्या पुढ्यात पुड्यांच्या माळा टांगायची पद्धत राहिली आणि त्या माळांवर आता पोरांचा खाऊ लटकतो. पाच रुपयांचे वेफर्स, पाच रुपयांची बिस्किटं. पाचाचा आकडा वर्षानुवर्षं हलत नाही, आतलं वजन तेवढं उतरत जातं. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं आणि फरसाणावरचा जीएसटी पाच टक्क्यांवर आला, तेव्हा कंपन्यांनी सांगितलं की छोट्या पाकिटाची किंमत मोडण्यापेक्षा आम्ही वजन वाढवू. पाचाचं नाणं हातात असलेलं पोर हेच त्यांचं गिऱ्हाईक. साडेचार रुपये त्याला आणि दुकानदाराला, दोघांनाही अडचणीचे.

या पाकिटानं पोट भरत नाही, आणि भरू नये हीच त्याची सोय आहे. भाकरी, झुणका, वर ताक घेतलं की माणूस ताटावर पाणी सोडून उठतो. पाकीट संपतं तेव्हा तोंडात मीठ आणि हातात मोकळी पिशवी असते. उठायची वेळ आल्याचं शरीराला कुणी सांगतच नाही. शिवाय ते खाल्लेलं जेवणात धरलं जात नाही. “पोरानं दिवसभर काही खाल्लं नाही,” असं म्हणणाऱ्या आईनं शाळेच्या रिक्षापासून ट्यूशनपर्यंतची पाकिटं मोजली तर एक ताट भरेल. हप्त्याचंही असंच. कर्ज किती आहे विचारलं तर लोक जमिनीचं, घराचं सांगतात. मोबाईलचा, मिक्सरचा, लग्नात घेतलेल्या साड्यांचा हप्ता त्यात येत नाही. जे मोजलं जात नाही तेच अंगावर बसतं. देशात दहा कोटींवर माणसांना मधुमेह असल्याचं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं; तो आकडा काही एखाद्या दिवाळीच्या फराळानं झालेला नाही.

पूर्वी बाजारालाच शेवट असायचा. आठवडी बाजारात सांज झाली की पालं उतरायची, उरलेली मेथी मातीमोल व्हायची, माणसं एसटीच्या दिशेनं चालू लागायची. राहिलं ते पुढच्या आठवड्यावर जायचं आणि सात दिवसांत निम्म्या गोष्टींची गरजच विरून जायची. किराणा दुकानात लाल वही असायची. मालक आपलं नाव काढून मागची बाकी वाचून दाखवायचा, चार माणसांदेखत, आणि साखर दोनाऐवजी एक किलो बांधायचा. आता फोनच मध्यरात्री सांगतो की तुमच्यासाठी दोन लाखांचं कर्ज मंजूर झालंय. आपण मागितलेलं नसतं. आपल्याला दोन लाख कशाला हवेत हेही माहीत नसतं. ते ठरवण्यापुरता मग वेळ मिळतो.

त्या लाल वहीचे गोडवे मात्र मी गाणार नाही. चार माणसांदेखतची ती बाकी कुणाच्या बायकोला, कुणाच्या म्हाताऱ्या बापाला खाली मान घालायला लावत होती. सावकाराच्या वहीतून जमिनी गेल्या. म्हणून तर १९०५ मध्ये गदगजवळच्या कणगिनहाळला सिद्धनगौडा पाटलांनी सहकारी पतसंस्था काढली, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी एक. तिच्या वाटेनं चालत आलेल्या पतपेढ्या आज बेळगावच्या गल्लोगल्ली आहेत. तिथं जामीनदार लागतात. जामीन व्हायला शेजारी कुरकुरतो, मेव्हणा चार प्रश्न विचारतो, आणि त्या चार प्रश्नांत कित्येक कर्जं टळतात. नव्या कर्जानं हा मेव्हणाच वगळला.

जिथं जामीन द्यायला काहीच नाही अशा बायकांच्या दारात मायक्रोफायनान्स आलं. गट करा, आठवड्याला हप्ता भरा. दवाखान्याला, म्हशीला, पोरीच्या फीला पैसे मिळाले, हे खरंच आहे. मग दुसऱ्या कंपनीनंही दिले, तिसरीनंही, आणि तिसरीच्या पैशातून पहिलीचा हप्ता जाऊ लागला. कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त रक्कम हप्त्यांत जाऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम कागदावर होता. २०२५ च्या जानेवारीत वसुलीच्या जाचाच्या, दाराला कुलूप लागल्याच्या, गाव सोडून गेलेल्या कुटुंबांच्या बातम्या बेळगाव जिल्ह्यासह राज्यभरातून आल्या. १२ फेब्रुवारीला सरकारला अध्यादेश काढावा लागला: जबरदस्तीच्या वसुलीला दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. तेव्हा आमच्याकडच्या चहाच्या टेबलांवर एक वाक्य फार ऐकू येत होतं. “घेतलं कशाला? ऐपत नव्हती खरं फ्रीज पाहिजे!” बोलणाऱ्याच्या घरी दोन फ्रीज असायचे. एका खोलीत राहणाऱ्या बाईचं दूध उन्हाळ्यात नासू नये, हा काही माज नव्हे. तिच्या इच्छेत खोट नव्हती. तिच्यासमोर आठवड्याचा आकडा ठेवला गेला आणि वर्षाचा झाकला गेला, खोट तिथं होती.

म्हणून मन मारायचा उपदेश मला पटत नाही. सणाला कुंदा खावा, पोराला मोबाईल लागत असेल तर घ्यावा. पण रक्कम सुटी ऐकून हो म्हणू नये. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर सगळे खर्च धरून वर्षाचा दर आणि एकूण परतफेड सांगणारा मुख्य तपशिलाचा कागद देणं रिझर्व्ह बँकेनं सक्तीचं केलंय, आणि तोही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. आमच्याकडं भाषेसाठी किती ताकद खर्च होते ते आम्हालाच ठाऊक. त्यातली थोडी या कागदासाठी काउंटरवर खर्च करायला हरकत नाही. मराठीत द्या म्हणावं. कानडी माणसानं कानडीत मागावा. आणि कागद येईपर्यंत उभ्या उभ्या विचारावं, “दिवसाचं नको, सगळं मिळून किती?” ते ऐकूनही घ्यावंसं वाटलं तर खुशाल घ्यावं. निदान ते आपण घेतलेलं असेल.