वाड्यातला ‘प्रेमरोग’

राज कपूरचा ‘प्रेमरोग’ १९८२ च्या जुलैअखेर लागला. यवतमाळच्या टॉकीजमध्ये आम्ही तो पाहिला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. कापूस फेडरेशनला गेला होता, पहिला चुकारा हाती आला होता, दोन्ही आत्या माहेरपणाला आल्या होत्या. म्हणून बाबांनी एवढ्या मोठ्या गोतावळ्याला सिनेमाला जाऊ दिलं. दारव्ह्याहून शकुंतलेनं निघालो. अरुंद रुळांवरची ती गाडी, वाफेचं इंजिन, खिडकीशी बसलं की डोळ्यांत कोळशाचे कण. दोन आत्या, काकू, आम्ही सात भावंडं आणि मोठी आई.

मोठी आई म्हणजे मोठ्या बाबांची बायको. मोठे बाबा आम्ही कुणी पाहिले नाहीत. १९४६ साली विषमज्वरानं ते गेले, तेव्हा ती सतराची होती आणि लग्नाला चौदा महिने झाले होते. वाड्यातलं दूध-विरजण, लोणची, पापड, आमचे गोवर-कांजिण्या, सगळं तिच्याकडे. चाव्या मात्र आजीच्या कमरेला होत्या आणि आजीनंतर त्या काकूकडे गेल्या. संक्रांतीचा हलवा ती रात्रभर जागून करायची. हळदीकुंकवाच्या दिवशी मात्र बायका यायला लागल्या की स्वयंपाकघराचं दार आतून लोटून घ्यायची. आम्हा पोरांना त्यात काही खटकत नसे. लिहिताना हात थांबतो, पण खरंच खटकत नसे.

सिनेमातही एक बडी माँ होती आणि एक छोटी माँ. छोटी माँ झालेली नंदा ही मास्टर विनायकांची लेक, म्हणून काकूला ती घरचीच वाटे. तनुजा होती, आणि मनोरमा झालेली पद्मिनी कोल्हापुरे. ठाकुरांच्या हवेलीतली ती अल्लड पोर लग्न करून जाते, थोड्याच दिवसांत नवरा अपघातात मरतो, आणि ती पांढऱ्या लुगड्यात दिसते. त्या क्षणी टॉकीजमधल्या बायकांच्या बाजूनं एकदम हुंदके ऐकू आले. सासरी जेठ तिच्यावर अत्याचार करतो, तेव्हा आत्यानं माझ्या डोळ्यांवर हात ठेवला होता. मग माहेरी परतलेल्या मनोरमेसाठी ऋषी कपूरचा देवधर सगळ्या गावाविरुद्ध उभा राहतो. लोकांनी टाळ्या पिटल्या. आम्ही भावंडांनी सगळ्यांत जोरात पिटल्या.

या गोष्टीचं मूळ एका बाईच्या लेखणीत आहे, कामना चंद्रा यांच्या. मला ते फार नंतर कळलं आणि मग पटलंही. विधवेचं दुःख दाखवणारे सिनेमे पुष्कळ निघाले. पण ती अजून हसू शकते, तिला हसावंसं वाटतं, हे या सिनेमानं भर बाजारात सांगितलं. लता आणि सुरेश वाडकरांची त्यातली गाणी पुढं वर्षभर आमच्या रेडिओवर वाजत होती.

परतीच्या गाडीत आत्यांची नटनट्यांवर चर्चा चालली होती. मोठी आई खिडकीबाहेर बघत होती. मध्येच तिनं विचारलं, “ते पोरगी केवढी असंन वो?” कुणीतरी मासिकात वाचलं होतं, सोळाची आहे म्हणून. ती जरा वेळ गप्प बसली. मग आमच्या शेतात निंदणाला येणाऱ्या एका बाईचं नाव घेऊन म्हणाली, “तिचा नवरा अन् तुमचे मोठे बाबा एकाच सालात गेले. तिले पाट भेटला. मले वाडा भेटला.”

काकूनं लगेच विषय बदलला.

आज नव्या मुलांना पाट म्हणजे काय ते सांगावं लागतं. आमच्या भागात कुणब्यांत आणि इतर अनेक जातींत विधवेचा दुसरा संसार मांडायची जुनी चाल होती. थाटमाट नाही, वाजंत्री नाही, पण समाजाला मान्य. देशमुखी घरांनी मात्र पाट कमीपणाचा मानला. ज्यांच्याकडे जमीन, वाडा आणि नाव होतं, त्यांनी ते नाव घरातल्या पोरींच्या जिवावर राखलं. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालचा, महर्षी कर्व्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं ते १८९३ साली. आमच्या वाड्याच्या दिंडीतून यातलं काहीच आत आलं नाही. म्हणून त्या सिनेमातली हवेली मोठ्या आईनं पहिल्या दृश्यातच ओळखली असणार.

आता जे सांगायचं आहे ते जड जातं. १९९६ साली आमचा एक चुलतभाऊ मोटारसायकलच्या अपघातात गेला. वहिनी पंचवीस वर्षांची, पदरात दीड वर्षाचा मुलगा. तेराव्यानंतर बैठकीत वडीलधारे बसले, आणि आम्ही सातातले उरलेले सहाही होतो, शिकलेले, नोकऱ्या करणारे. सदुसष्ट वर्षांची मोठी आई दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “तिचं लगन लावून द्या. पोराले मी पाहतो.” वाड्यात तिनं असं कधी तोंड उघडलं नव्हतं. बाबांनी मान खाली घातली. काका म्हणाले, “पाहू.” आमच्यापैकी एकही जण बोलला नाही. टॉकीजमध्ये टाळ्या पिटणारे तेच आम्ही होतो.

ते ‘पाहू’ तिथंच राहिलं. वहिनी मोठ्या आईच्या खोलीत राहायला गेली. मोठी आई २००३ मध्ये वारली.

२०१९ च्या जानेवारीत यवतमाळला मराठी साहित्य संमेलन झालं. उद्घाटन केलं ते कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीनं. मांडवात वहिनी माझ्या शेजारी बसली होती. भाषण संपेपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही, आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. माझ्या वयाच्या, ‘प्रेमरोग’ पाहून रडलेल्या सगळ्यांना एक विनंती आहे. पुन्हा कुठल्या घरी अशी बैठक बसेल आणि कुणीतरी ‘पाहू’ म्हणेल, तेव्हा तिथं गप्प बसू नका.