वर्तनविद्या शिकू निघालेल्या भाचीस

जयसिंगपूर

चि. मृणाल हिस,


उपयोजित वर्तनविश्लेषणाच्या पदव्युत्तर वर्गात अमेरिकेत प्रवेश मिळाल्याचे तुझे पत्र पोचले. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगशाळेतील उंदीर-कबुतरांपासून निघालेल्या या शास्त्रास मनुष्याच्या घरात कितपत थारा द्यावा, असा प्रश्न तू पत्राच्या शेवटी घातला आहेस. त्याचे उत्तर तुझ्याच मागल्या सुटीतील उद्योगावरून देतो.

शाहू महाराजांनी आपल्या जन्मदात्या वडिलांच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या नावे 1917 साली वसविलेल्या या गावाच्या गल्ल्या इतक्या सरळ आखलेल्या आहेत की एका टोकाची किंकाळी दुसऱ्या टोकास जशीच्या तशी पोचते. त्यामुळे वाण्याच्या दुकानापाशी एक स्वमग्न मुलगा किंचाळू लागला की, लिमलेटच्या गोळीसाठी हट्ट आणि आईच्या लाडाचे फळ, हा साऱ्या गल्लीचा एकमुखी निवाडा ठरलेला असे. तू मात्र कट्ट्यावर वही घेऊन बसलीस, आणि किंकाळीच्या आधी काय घडले व नंतर काय झाले, एवढेच टिपत गेलीस. त्या नोंदींतून निघाले ते असे की शेजारच्या गिरणीचा पट्टा फिरू लागला की मुलाचे हात कानांवर जात, मग तो किंचाळे, आणि आई ओशाळून त्याला घराकडे नेई. गोळी मिळो न मिळो, सुटका हमखास मिळे. पुढे आईचा पदर ओढला की निघायचे, हा संकेत त्याला शिकविला गेला आणि आईने तो कसोशीने पाळला. किंचाळणे पुष्कळ कमी झाले. वाणी अजूनही म्हणतो, गोळीच लागू पडली!

'हे मूल असे कशासाठी करते' ही पृच्छा मला या शास्त्राचे सत्त्व वाटते. बक्षिसांचा जमाखर्च ही त्याची कारकुनी. लोवास या मानसशास्त्रज्ञाने 1987 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आठवड्यास चाळीस तासांच्या अशा शिकवणीने 19 पैकी 9 स्वमग्न मुले सर्वसामान्य वर्गांत सामावली, असे नमूद आहे. परंतु त्याच शिकवणीत दरडावणे आणि प्रसंगी मांडीवर चापट मारणेही होते, आणि अशा शिकवण्यांतून गेलेली स्वमग्न माणसे आज प्रौढपणी आपली तक्रार स्वमुखाने मांडीत आहेत. वडीलधाऱ्यांपुढे नजर खाली ठेवणाऱ्या मुलास आपण विनयशील म्हणावे, आणि शिकवणीच्या तक्त्यात त्याच नजरेपायी त्याचे गुण कापले जावेत, हा न्याय माझ्या गळी उतरत नाही. आणि स्वमग्न मुलाने हात फडफडविल्याने तरी कोणाचे काय बिघडते?

आता सनदेविषयी. तिकडील वर्तनविश्लेषकांचे प्रमाणपत्र मंडळ 2023 पासून आपल्या देशातील रहिवाशांचे नवे अर्ज घेत नाही. इकडे विशेष शिक्षकाचे काम करण्यास 1992 च्या कायद्यान्वये स्थापलेल्या भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते, आणि ती तुझ्या पदवीने आपोआप मिळणार नाही. तेव्हा शुल्काचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी, तिकडील प्रमाणपत्रासाठी लागणारे पर्यवेक्षणाखालील 2000 तास कोठे व कोणाच्या हाताखाली भरावयाचे, आणि तेथे मुलास 'नको' म्हणण्याची मुभा आहे काय, एवढा तपशील लेखी मागवून घे. रकमेची तजवीज मी केली आहे. तुझ्या आईपाशी तूर्त त्याची वाच्यता नको.



तुझा,
अण्णामामा