कमरेवरचा हात

पक्षाघाताचा पेशंट दवाखान्यातून घरी आला की मला पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, कधी चालवणार?" दोघं दोन्हीकडून काखेत हात घालून त्याला खोलीभर फिरवून दाखवतात. पाय फरफटत असतो, आणि घरच्यांच्या डोळ्यांत पाणी. अशा वेळी थांबा म्हणणं मला आजही जड जातं.

साताऱ्यातले एक काका. जन्म एसटी चालवण्यात गेलेला, आता उजवी बाजू लुळी. काकू रोज त्याच उजव्या हाताला धरून त्यांना उठवायच्या. लुळ्या हाताच्या खांद्याला स्नायूंचा आधार नसतो. ओढला की सांधा खाली सरकतो आणि महिनोन्महिने ठणकतो. काकूंना मी सगळ्यात आधी हात सोडायला शिकवलं.

पहिले पंधरा दिवस आम्ही चाललोच नाही. कॉटच्या कडेला बसायचं, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यायची, पुढे वाकायचं, उठायचं. परत बसायचं. दिवसातून 40-50 वेळा. मेंदूचा मेलेला भाग काही परत येत नाही. उरलेला भाग त्याचं काम शिकतो, पण पाढे घोकावेत तसं घोकून. मग उभं राहून उजव्या पायावर भार द्यायचा. चालणं म्हणजे पाय उचलणं, असं सगळे धरून चालतात. डावा पाय उचलायचा तर तेवढा वेळ उजव्यानं अख्खं शरीर पेलायला हवं, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

तेव्हा माझा एक हात त्यांच्या गुडघ्यावर, दुसरा कमरेवर. गुडघा मागे झटका देणार हे डोळ्यांआधी तळव्याला कळतं. 1943 मध्ये लंडनला बर्टा बोबाथ यांनी पक्षाघात झालेल्या एका चित्रकारावर उपचार करताना अशीच हातांनी वाट शोधली. त्यांच्या पद्धतीपेक्षा आज भरपूर सरावाचं पारडं जड आहे, आणि ते योग्यच आहे. तळव्याची सवय मात्र मी सोडलेली नाही.

काका चालू लागले तेव्हा उजवी चप्पल वाटेतच राहायची आणि त्यांना पत्ता नसायचा. मागे पट्टा असलेली सँडल आणा, म्हणून मी काकूंच्या मागे लागले होते. एके सकाळी अंगणात ते मध्येच थांबले. खाली न बघता म्हणाले, "चप्पल सुटली."

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर त्यांच्या दुबळ्या बाजूला उभे राहा आणि कमरेला धरा. त्या बाजूचा हात ओढू नका.